पहिला भाव घ्यायचा नसतो

आमच्या घरात पहिला भाव कुणीच घेत नाही. हा कंजूषपणा नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण लोकांना तसं वाटतं आणि मला त्याचा राग येतो. समोरचा माणूस पहिल्यांदा जे बोलतो ते खरं नसतंच, तो नुसता आपला अंदाज घेत असतो, एवढी साधी गोष्ट आहे. माझ्या बारशाला स्वामींनी 'ल' अक्षर काढलं तेव्हा अप्पांनी विचारलं, दुसरं काय आहे. म्हणून मी दामिनी. अव्वाच्या, म्हणजे आईच्या, दोन दाढा काढाव्या लागतील असं डॉक्टर म्हणाले, तर अप्पांनी त्यांना एकीवर आणलं. ती वाचलेली दाढ आजही शेंगदाणे फोडते.

अप्पा म्हणजे माझे वडील, महादेवप्पा. लातूरच्या मार्केट यार्डात आमची तुरीची आडत आहे. दुकानात शिरल्याबरोबर डाव्या हाताला गादी आहे. पांढरी चादर, मागे लोड, समोर अख्खा यार्ड दिसतो. त्या गादीवर अप्पा बसतात आणि मला त्या गादीवर बसायचं होतं. शेजारी नाही, मागच्या कंप्युटरच्या खुर्चीवर नाही, गादीवर. बी.कॉम. झाल्यापासून दोन वर्षं ऑनलाइन लिलाव मी बघत होते, वजनं मी बघत होते, हमालांशी भांडायला मीच जात होते. गादीचा विषय निघाला की मात्र सगळा यार्ड माझ्या भावाकडे बघायचा.

भाऊ अमरेश, माझ्यापेक्षा वर्षानं लहान. त्याला तुरीच्या धुळीची शिंक येते. एक-दोन नाही, एकदा सुटला की सतरा-अठरा. दुकानात कुणी भाव बोलायला लागला की हा शिंकायला लागतो, आणि व्यापाऱ्याला वाटतं आपला भाव नाकारला. त्यामुळे दोन-तीनदा भाव वाढूनही मिळाला, हे मान्य करायला हवं. पण त्याच्या डोक्यात तूर नव्हतीच. त्याला औसा रोडला बिनअंड्याच्या केकचं दुकान टाकायचं होतं, आणि दिवसभर तो मोबाइलवर क्रीम फेटणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत बसायचा.

यंदा अप्पांचे गुडघे फार दुखायला लागले. पाडव्याला गादीवरून उठणार असं त्यांनी जाहीर केलं. मी दीड दिवस जेवले नाही. भजी खाल्ली, पण ती धरत नाहीत. शेवटी अप्पांनी, त्यांच्या मते अगदी आधुनिक असा, तोडगा काढला. आम्ही दोघांनी एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा क्लास लावायचा, आणि ज्याला जास्त मार्क त्याची गादी.

"पेपराला पोरगा-पोरगी काय कळत न्हाई," ते म्हणाले. "ज्याचे मार्क जास्ती, त्यो गादीवर. दुसऱ्यानं आपलं आपलं बघावं."

खऱ्या सीईटीचा निकाल उन्हाळा संपता संपता लागतो, तोवर गादी रिकामी ठेवायची नाही, म्हणून पाडव्याच्या आधी क्लासमध्ये जी शेवटची मोठी सराव परीक्षा होईल तिचे मार्क धरायचे असंही ठरलं. मी आणि अमरेशनं त्याच दिवशी स्वयंपाकघरात आमचा करार केला. तो हरणार, मी जिंकणार. त्याला केक, मला गादी. इतका सोपा सौदा मी आयुष्यात केला नव्हता, आणि तिथेच मला संशय यायला हवा होता.

लातुरात गल्लीगणिक क्लास आहेत, पण सगळे डॉक्टर बनवतात. एमबीए म्हटल्यावर एका ठिकाणच्या सरांनी माझ्याकडे फार दयेनं बघितलं आणि अजून वेळ गेलेली नाही, बायोलॉजी घे, म्हणाले. म्हणून आम्ही नांदेडला गेलो. तिथे भाग्यनगरला गुरम्मा मावशी राहते. तिच्या घरापासून पाच मिनिटांवर 'टॉप फ्लोअर ॲकॅडमी' होती. ती तळघरात होती.

क्लास हरिओम सरांचा. सर मुखेडचे, वय तिशीच्या आत, बोलताना प्रत्येक वाक्यात 'स्ट्रॅटेजी'. फी फिक्स आहे, असं त्यांनी बोर्डावरच लिहून ठेवलं होतं. अप्पांनी बोर्ड वाचला, खांद्यावरचा टॉवेल काढला, सरांच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली सरांची बोटं धरली. बैलबाजारात असाच सौदा होतो, कुणाला कळू न देता, बोटं दाबून. सर मुखेडच्या बाजारात लहानाचे मोठे झालेले, पण शिकून विसरले होते. त्यांना वाटलं पाहुण्यांना काहीतरी होतंय. ते घाबरून "हो हो, बरं बरं" म्हणत मान हलवत राहिले. टॉवेल काढल्यावर अप्पांनी त्यांना कळवलं की एका फीमध्ये दोघांचं ठरलं आहे, आणि जमलेल्या पालकांसमोर सरांना ना म्हणता आलं नाही.

अभ्यासात मी चांगली होते. हे मी म्हणत नाही, सर म्हणायचे. गणितं तर मी वहीत न मांडता करायचे. पण कंप्युटरवरच्या सराव परीक्षेत माझे मार्क एका ठिकाणी अडकले ते हलेचनात. तीन परीक्षा झाल्यावर सरांनी माझा सगळा निकाल पडद्यावर लावला आणि बराच वेळ डोकं खाजवलं. ज्यांचं उत्तर बी, सी, डी होतं ते माझे बहुतेक सगळे प्रश्न बरोबर होते. ज्यांचं उत्तर ए होतं ते सगळे चूक.

'ए'शी तुझं काय वैर आहे, सरांनी विचारलं. मी म्हणाले, वैर नाही सर, पण पहिलाच पर्याय कसा घेणार. उत्तर 'ए' आलं की माझा हात तिथे जायचा आणि परत यायचा. समोरच्यानं पहिल्यांदाच सांगितलेलं उत्तर! तो काय मला एवढी खुळी समजतो? मग मी आणखी खाली बघायचे, तिथे थोडं बरं काहीतरी मिळायचं.

सरांनी यावर स्ट्रॅटेजी काढली. मी रोज संध्याकाळी बाजारात जाऊन एक मेथीची जुडी पहिल्या भावात घेऊन यायची. पहिल्या दिवशी मी मेथी न घेता परत आले. दुसऱ्या दिवशी भाजीवालीनं भाव सांगितला, मी डोळे मिटले, घाम फुटला, आणि तोंडातून आपोआप निघालं की कोथिंबीर वर टाकशील का. चौथ्या दिवशी गुरम्मा मावशी सोबत आली आणि तिनं मागून माझं तोंड दाबून धरलं. मेथी पहिल्या भावात आली. मला रात्रभर झोप लागली नाही. पण हळूहळू जमायला लागलं. फेब्रुवारी संपेपर्यंत मी दहातले सात 'ए' घ्यायला लागले आणि माझे मार्क वर्गात सगळ्यांच्या वर गेले. अमरेशही त्याच्या जागी खूश होता. तो वर्गात मागच्या बाकावर बसून केकवरची फुलं काढायचा, आणि तळाला राहायचा.

मोठी परीक्षा पाडव्याच्या आदल्या दिवशी, रविवारी होती. दोनशे प्रश्न, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. आम्ही बावीस जण आठ वाजता तळघरात जाऊन बसलो, आणि सव्वाआठला गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. कंप्युटर सगळे बंद. दुरुस्तीला दोन दिवस लागतील असं कळलं. सर डोक्याला हात लावून बसले, मग पेनड्राइव्ह घेऊन पळाले आणि दोन गल्ल्या पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रश्नपत्रिका छापून आणल्या. परीक्षा कागदावर झाली. जिन्यातून येणाऱ्या उजेडात, अंगावर घाम गाळत.

आता जी गोष्ट तेव्हा कुणालाच माहीत नव्हती ती सांगते. सर प्रश्न तयार करताना बरोबर उत्तर नेहमी पहिलं लिहायचे. पुढे कंप्युटर स्वतःच पर्याय पिसून वरखाली करायचा. झेरॉक्सचं मशीन काही पिसत नाही. त्या पेपरात दोनशेच्या दोनशे प्रश्नांचं उत्तर 'ए' होतं.

पहिला प्रश्न केला, 'ए' आलं. मेथीची आठवण काढली आणि खूण केली. दुसरा, 'ए'. तिसरा, 'ए'. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. बाराव्या प्रश्नापर्यंत सगळे 'ए' आले आणि माझा हात थांबला. पोत्याच्या तोंडाशी सगळे दाणे एकसारखे टपोरे दिसले की तळाला माती असते, हे मला सहाव्या वर्षापासून माहीत आहे. अप्पांनी माझा हात धरून कोपरापर्यंत पोत्यात घालून शिकवलंय. बारा दाणे एकसारखे! इथं कुणीतरी फसवत होतं. तेरावं गणित मी केलं, पुन्हा 'ए' आलं, दोनदा तपासलं, तरी 'ए'च. मग मी शांतपणे ते खोडलं आणि 'बी' केलं. त्यानंतर मला थांबता आलं नाही. पुढचे एकशे सत्त्याऐंशी प्रश्न मी मन लावून सोडवले, उत्तर काढलं, आणि फसवणाऱ्याला धडा शिकवला.

मागच्या बाकावर अमरेश दहा मिनिटांत मोकळा झाला होता. त्यानं पेपर वाचलाच नाही. हरायची पक्की वाट कुठली, तर आमच्या घरात कुणालाही विचारा, पहिलं सांगितलेलं घ्यायचं. त्यानं वरपासून खालपर्यंत दोनशे 'ए' मारले आणि उरलेला वेळ तीन मजली केकचं चित्र काढलं.

झेरॉक्सवाल्याच्या पोरानंच मूळ फाइलशी ताडून पेपर तपासले आणि संध्याकाळी निकाल आला. अमरेश दोनशे. बाकीच्यांनाही घाबरून उत्तरं बदलायची सुरसुरी आली असणार, कारण दुसरी आलेली तनुजा एकशे दहावर होती. मी शेवटची. बारा.

मी तळघरात जाऊन पेपर सरांसमोर आपटला आणि सगळी उत्तरं 'ए' कशी, ते विचारलं. सरांनी मोबाइलच्या उजेडात पेपर उलटासुलटा केला. मग ते खुर्चीत हळूहळू खाली गेले. पण तोवर फार उशीर झाला होता. दोनशेपैकी दोनशे त्यांच्या क्लासात कधी कुणाला पडले नव्हते. त्यांनी अप्पांना फोन केला होता, फ्लेक्सवाल्याला अमरेशचा फोटो पाठवला होता, आणि फ्लेक्सवाला दुकान बंद करून फ्लेक्स लावायला निघालासुद्धा होता. बरोबर ते बरोबरच ना, सर पुटपुटले. त्यांच्या वाक्यात पहिल्यांदाच स्ट्रॅटेजी नव्हती.

रात्री मी मावशीकडे उशीत तोंड खुपसून रडले, ते लपवायचं काही कारण नाही. अमरेशही रडला. त्याला बिचाऱ्याला जन्मभर शिंकायचं होतं. हरण्याची एवढी सोपी गोष्ट, तीही मला जमली न्हाई अक्का, असं तो म्हणत राहिला आणि मावशी दोघांना आलटून पालटून गूळपाणी देत राहिली.

सकाळी एसटीनं लातूरला निघालो. भाग्यनगरच्या चौकात अमरेशचा बारा फुटी चेहरा लागलेला होता. फोटो त्याच्या मोबाइलवरून घेतल्यामुळे नाकाला थोडं क्रीम होतं.

दुकानात पोचलो तर गादीला नवी चादर घातलेली. आजूबाजूचे आडते हार घेऊन आलेले. शेजारच्या दुकानाचे चन्नबसप्पा काका अमरेशला मिठी मारून म्हणाले, वाघ हाय वाघ. वाघ त्यांच्या खांद्यावर सात वेळा शिंकला. अप्पांनी त्याला हाताला धरून गादीकडे नेलं. मी कंप्युटरच्या खुर्चीला धरून उभी होते. मला एवढंच दिसत होतं की ती जागा चालली, आणि ती मी माझ्याच हातानं घालवली होती, एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा.

अमरेश गादीच्या काठाशी आला आणि अडला. त्यानं पाय वर घेतला नाही.

"अप्पा, म्या पेपर वाचलाच न्हाई," तो म्हणाला. "पहिलं जे दिसलं ते मारत गेलो."

अप्पांना आधी कळलंच नाही. किती प्रश्नांना, त्यांनी विचारलं. दोनशे, तो म्हणाला. एकदाबी खाली बघितलं न्हाईस, त्यांनी विचारलं. एकदाबी न्हाई, तो म्हणाला. अप्पांचा चेहरा असा झाला जसा मी फक्त एकदा पाहिला होता, अव्वाची ती एक दाढ काढायला डॉक्टरांनी पक्कड घेतली तेव्हा. चन्नबसप्पा काकांनी हार हळूच पाठीमागे घेतला.

मग अप्पांनी माझा पेपर मागितला. मला द्यायचा नव्हता. बारा मार्कांचा कागद भर यार्डात कोण दाखवेल? पण त्यांनी हात पुढे ठेवला तो ठेवलाच. अप्पांना इंग्रजी येत नाही, पण आकडे कुठल्याही भाषेतले वाचता येतात. चष्मा लावून ते गादीवरच बसले आणि समासातली माझी गणितं बोटानं एक-एक तपासायला लागले. पान उलटलं. दुसरं उलटलं. आडते वाकून बघायला लागले. अमरेश दर मिनिटाला शिंकत होता.

"उत्तर तर बरोबर काढलंस की," अप्पा म्हणाले. "मंग खोडलंस काय म्हून?"

"बारा दाणे एकसारखेच निघाले अप्पा. मला वाटलं तळाला माती असंल."

 अप्पांनी पेपर शेवटपर्यंत पाहिला, प्रत्येक खाडाखोडीवर बोट ठेवून. मग चष्मा काढून खिशात घातला आणि अमरेशकडे वळले.

"दोनशे डाव पहिला भाव घेतलास तू," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "तुला हितं बसवलं तर दुपारच्या जेवणापर्यंत दुकान जाईल. तू जा बाबा, तुझा केक कर."

अमरेशनं खाली वाकून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि तिथेही शिंकला. काकांनी हार कुणाला घालायचा हे न कळून आधी इकडे, मग तिकडे बघितलं. एकानं विचारलं, पण मार्काचं काय, ज्याला जास्ती त्याची गादी असं ठरलं होतं ना. अप्पा म्हणाले, ते माझं पहिलं बोलणं होतं.

त्यांनी मला जवळ बोलावलं. खांद्यावरचा टॉवेल काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. तसा सौदा ते मोठ्या माणसांशी करायचे, अमरेशशी कधी नाही, माझ्याशीही कधी नाही. टॉवेलाखाली त्यांनी माझी तीन बोटं धरली. आठवड्यातले तीन दिवस.  तीन दिवस गादी, काल रात्री कुणी दिले असते तर मी नाचले असते. पण माझा हात माझं ऐकत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. मी त्यांचा पंजा अख्खा धरला, आणि वर पुन्हा एक बोट दाबलं. रविवारी यार्ड बंद असतो, बाकीचे सहाच्या सहा.

अप्पा गुरगुरले आणि चार बोटांवर आले. मी हात सोडवून घेतला. सौद्यातून हात काढणं म्हणजे चालले मी, दुसरं दुकान बघते.  अमरेशनं तर श्वास धरून शिंकसुद्धा अडवली होती.

अप्पांनी टॉवेलाखालून माझा हात परत ओढला. आधी पंजा धरला, पाचही बोटं, घट्ट. मग थोडं थांबून सहावं. तिथून त्यांनी लगेच हात काढला नाही.

"बस," ते म्हणाले.

ते गुडघ्यावर हात टेकवून उठले आणि मागे जाऊन कंप्युटरच्या खुर्चीत बसले. मी गादीवर बसले. मला रडू येत होतं आणि समोर अख्खा यार्ड दिसत होता, तो थोडा हलताना. तेवढ्यात उदगीरचा एक व्यापारी आत आला. त्याला आमच्यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं समोरच्या ढिगातली मूठभर तूर उचलली, तळहातावर पसरली आणि भाव सांगितला.

भाव चांगला होता. मी नाही म्हणाले.